कावळ्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला

ताई नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ३४, मुलगा दुसरीत आणि मुलगी अडीच वर्षांची. शिवणाचा किंवा ड्रॉइंगचा कुठलाच क्लास केलेला नाही, आईला मशीनवर बघून जेवढं आलं तेवढंच. पण मुलांसाठी फेल्टचे फिंगर पपेट, कापडी पुस्तक, पिशव्यांवर पेंटिंग असं काही ना काही चालू असतं आणि मी त्यात रमते. मध्ये मुलाच्या जुन्या लाकडी गाड्या घरात उरलेल्या ऑइलपेंटने रंगवून मुलीला दिल्या, अगदी नव्यासारख्या झाल्या. पण माझ्या वस्तूंना फिनिशिंग येत नाही. कॉटनच्या कडांचे दोरे निघतात, पिशवीवरचा मोर पहिल्याच धुण्यात अर्धा वाहून गेला, इन्स्टावर दिसतं तसं काही होतच नाही. मुलगा आधी माझ्यासोबत बसायचा. त्याने काळ्या फेल्टचा कावळा केला आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला चिकटवले. तो झोपल्यावर मी ते काढून नीट लावले, म्हटलं सकाळी खूश होईल. त्याने बघितलं, काही बोलला नाही, पण तेव्हापासून बसतच नाही, म्हणतो तूच कर. आता सोसायटीतल्या मैत्रिणीने तिच्या मुलाच्या बर्थडेला रिटर्न गिफ्ट म्हणून २० पपेट मागितलेत, ८० रुपयाला एक. नवरा म्हणतो घे, तेवढीच सुरुवात होईल. नणंद म्हणते असलं बाजारात पन्नासला मिळतं, कशाला डोळे फोडून घेतेस. मला एका पपेटला दीड तास लागतो आणि सामान साधारण २५ रुपयांचं जातं. काय करू? आणि मला अगंतुगं केलंत तरी चालेल.
एक आई, मुलुंड

अगं, सगळ्यात आधी त्या गाड्या. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मी तिथेच अडकले. घरात उरलेला ऑइलपेंटचा डबा म्हणजे बहुतेक वेळा दाराचा नाहीतर ग्रिलचा रंग, कधी आणला ते कोणाला आठवत नसतं, आणि आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदच्या, वर नको हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे डबा त्याच्या आधीचा असेल तर त्यात शिसं किती असेल काही भरवसा नाही. आणि नवा असला तरी तो दाराचा रंग आहे, मुलांनी तोंडात घालायच्या वस्तूचा नाही. अडीच वर्षांची मुलगी गाडी चावणारच, टवका निघणारच. त्या गाड्या आजच उचलून ठेव, आणि रंग काढायला म्हणून घरात पॉलिशपेपरने घासत बसू नकोस, ती धूळ तर आणखी वाईट, सरळ टाकून दे. जिथे त्या गाड्या असायच्या तिथली फरशी ओल्या फडक्याने पूस, तिचे हात जेवायच्या आधी नीट धू आणि तिच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी आठवणीने सांग की असं असं झालं होतं. घाबरायचं नाही, पण सांगायचं नक्की. पुढे लाकडावर काही रंगवायचंच असेल तर ज्या बाटलीवर लहान मुलांच्या वस्तूंसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलंय तेवढेच रंग वापर, आणि मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत लाकूड तसंच कोरं ठेवलंस तरी तिला काही फरक पडणार नाहीये, तिला गाडी ढकलायचीय.

आता कावळा. तू पत्रात फिनिशिंगचं आधी लिहिलंस आणि कावळ्याचं नंतर, मी उलट क्रमाने घेते कारण मला तोच खरा प्रश्न वाटतो.

तो कावळा बाजूने कापलेला होता ना? म्हणजे चोच एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला? मग बघ त्याच्या डोक्यात काय चाललं असेल. त्याला माहितीय कावळ्याला दोन डोळे असतात. बाजूने बघितलं की एकच दिसतो हे आपल्याला कळतं, पण सहा-सात वर्षांची मुलं जे डोळ्यांना दिसतं ते नाही काढत, जे माहितीय ते काढतात, म्हणूनच त्यांच्या चित्रात घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात आणि बसच्या दोन्ही बाजूंची चाकं एकदम दिसतात. दुसरा डोळा कुठे लावायचा हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने तो सोडवला, जिथे जागा होती तिथे लावला. ती चूक नव्हतीच गं. त्याने विचार करून केलेलं काम होतं आणि सकाळी उठून बघतो तर ते कोणीतरी पुसून टाकलेलं, आणि त्या कोणीतरीने वर विचारलं पण असेल की आवडलं का. तो रडला नाही, भांडला नाही, तूच कर म्हणाला. माझ्या मते सातव्या वर्षी एवढं बोलला हे खूप झालं.

तर आता त्याची माफी माग. लहान आहे, विसरला असेल असं नको धरूस, नाही विसरलाय. आणि माफी मागताना ‘पण’ हा शब्द पुढे जोडायचा नाही. तुझ्या कावळ्याला मी तुला न विचारता हात लावला, ते मी करायला नको होतं, डोळे परत तुला हवे तिथे लावायचे असतील तर हे घे. बस. छान दिसावं म्हणून केलं होतं वगैरे काही सांगू नकोस, त्याला ते ऐकायचं नाहीये. तो लावेल किंवा नाही लावणार, दोन्ही चालेल. आणि लगेच चल आपण नवीन करूया म्हणून मागेही लागू नकोस.

त्याऐवजी असं कर, त्याचा स्वतःचा डबा कर. एखादा जुना मिठाईचा पत्र्याचा डबा घे, त्यात फेल्टचे तुकडे, दोन-तीन रंगांची लोकर, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, बोथट कातर, गोंदाची छोटी बाटली, एवढं घालून दे आणि सांग हा तुझा, मी याला हात लावणार नाही, आणि खरंच लावू नकोस, आवरायला म्हणूनसुद्धा नाही. तू तुझं काम घेऊन बस, तो आला तर आला. टाके शिकवायचे असतील तर आधी फेल्ट नको, गोणपाटाचा एक चौकोन दे, त्याला आधीच भोकं असतात, सुई आरपार जाते आणि लोकर दिसते ठळक, त्यावर धावदोरा घालायला मुलांना फार मजा येते कारण लगेच काहीतरी झालेलं दिसतं. दोरा उलट्या बाजूने गुंतला की तो हाक मारेल, तेव्हा गाठ सोडवून दे आणि सुई परत त्याच्या हातात दे, पुढचे दोन टाके घालून नको देऊस. हे अवघड असतं मला माहितीय, हात शिवशिवतात, पण तिथेच तर सगळं आहे.

धाकटीला सुईच्या आसपास नको. तिला भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की आत चांदणीसारखं फूल मिळतं, बटाट्यावर तू एखादा आकार कोरून दे, अर्धा कांदा गोल गोल वर्तुळांसाठी, खाली वर्तमानपत्र आणि जुना टीशर्ट अंगात. भेंडीला चिकटपणा असतो म्हणून कापून थोडा वेळ कागदावर उलटी ठेव, मग रंग नीट धरते. आणि ठसे झाले की ती भाजी टाकून द्यायची, रंग लागलेली भेंडी तिच्या तोंडात जाता कामा नये.

आता फिनिशिंग. इन्स्टावरच्या वस्तू फोटोसाठी केलेल्या असतात, बऱ्याच वेळा ग्लू गनने चिकटवलेल्या, आणि त्या कुठल्याही मुलाने ओढलेल्या नसतात. तुझ्या वस्तू ओढल्या जाणार, चावल्या जाणार, पाण्यात पडणार, म्हणून तुझी परीक्षा वेगळी आहे. पपेट करून झालं की ते उलटसुलट करून बघ, कान धरून जोरात ओढ, डोळा नखाने उचकटून बघ, ओलं करून पिळ. एवढं करून टिकलं तर फिनिशिंग चांगलं, मग एक कान मोठा असला तरी काही बिघडत नाही. हे मी मनापासून सांगतेय, तुझी समजूत काढायला नाही.

फेल्ट आणि कॉटन यात फरक काय ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम सोपं होतं. कॉटन विणलेलं असतं, उभे आडवे दोरे, म्हणून कापलं की कडेचे दोरे सुटतात. फेल्ट विणलेलं नसतंच, त्यात तंतू एकमेकांत दाबून गुंतवलेले असतात, म्हणून कसंही कापा कड सुटत नाही आणि म्हणूनच शिकाऊ हाताला ते बरं. खरं फेल्ट लोकरीचं, गरम पाणी, साबण आणि चोळणं याने लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, पण आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ए-४ साइजचे जे तुकडे मिळतात ते बहुतेक पॉलिस्टरचे. त्यामुळे त्यावर गरम इस्त्री थेट ठेवायची नाही, आक्रसतं, चिकटतं, वर सुती कपडा टाकून कमी हीटवर फिरवायची. आणि त्यात कडक आणि मऊ असे दोन प्रकार येतात, पपेटला मऊ घे, कडक फेल्ट बोटात घातल्यावर उघडंच राहतं, मुलांच्या बोटावरून निसटतं.

पपेटचं एक नीट सांगते, बाकी तुझं तुला जमेल. बटरपेपरवर आकार काढ, खाली सपाट वर गोल, रुंदी साधारण २ इंच, मुलांच्या बोटाला पुरते. बटरपेपर फेल्टवर सेलोटेपने चिकटव आणि टेपसकट काप, म्हणजे कागद सरकत नाही आणि दोन्ही तुकडे सारखे येतात. काळ्या फेल्टवर पेन्सिल दिसत नाही तेव्हा अंगाच्या साबणाची झिजलेली पातळ वडी घे, तिची रेघ मस्त येते आणि पुसली पण जाते. कातर फक्त कापडाची ठेव, हा पातळ बटरपेपर सोडला तर तिने दुसरा कागद कापायचा नाही आणि दुधाची पिशवी तर अजिबात नाही, घरातल्यांना ठणकावून सांग, अर्ध्या वेड्यावाकड्या कडा बोथट कातरीमुळे येतात, हातामुळे नाही. मग डोळे, चोच, पोट जे काय असेल ते आधी पुढच्या तुकड्यावर शिवून घे, दोन्ही तुकडे जोडल्यावर आत हात जात नाही. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन पदर वेगळे काढून घे, सहाच्या सहा घेतलेस की जाड दिसतं आणि सुई ओढताना फेल्ट फाटतं. डोळ्याला मणी, प्लॅस्टिकचे हलते डोळे काही नको, काळ्या दोऱ्याचा गाठीचा टाका घाल, तो सहजासहजी निघत नाही. शेवटी दोन्ही तुकडे जोडताना काजटाका, सुरुवातीची गाठ दोन तुकड्यांच्या मध्ये लपव, टाक्यातलं अंतर सारखं ठेवायला कडेपासून तुझ्या नखाच्या रुंदीएवढं आत घे आणि तेवढंच पुढे जा. खालच्या दोन्ही टोकांना, जिथे बोट आत जातं, तिथे दोनदा टाका घाल, फाटलं तर तिथूनच फाटतं.

फेविकॉलने चिकटवू नकोस, नेहमीचा पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो आणि वाळला की फेल्ट कडक करतो. मुलगा चिकटवतोय त्याला चिकटवू दे, त्याच्या वस्तू भिंतीवर लावायच्या आहेत. धाकटीच्या हातात जे जाईल ते मात्र शिवलेलंच. तिच्यासाठी अजून एक साधी टेस्ट, टॉयलेट रोल संपला की आत जी पुठ्ठ्याची नळी उरते त्यातून जी वस्तू आरपार पडते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, घशात अडकू शकते. सरकारी मापाची जी नळी असते ती याहून थोडी अरुंदच, आतून ३१.७ मिलिमीटर, म्हणजे घरची टेस्ट जरा कडक आहे आणि तसंच बरं. या मापाने तुझं एकटं फिंगर पपेटही कदाचित आत जाईल, तेव्हा तिला ते देताना तू जवळ बस, नाहीतर तिच्यासाठी हातात घालायचं मोठं पपेट कर. कापडी पुस्तकात चुंबक अजिबात नको, दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला धरून बसतात, ऑपरेशनची वेळ येते. वेलक्रो लाव, नाहीतर टिचबटणं, ती पण चारही भोकांतून चार-चार वेळा दोरा काढून. आणि लोंबणारी नाडी वीतभरापेक्षा लांब नको.

कॉटनच्या कडांचं. मला वाटतं तू रेघेवरच कापतेस. अर्धा इंच माया, म्हणजे दुमडायला जास्तीचं कापड, सोडून काप आणि कड आत दुमडून तुरपाई घाल, गोलाईवर मायेला छोटे छोटे कट मार म्हणजे वळताना चुण्या पडत नाहीत. फुलं, पानं असे बारीक आकार असतील तर दुमडणं जमत नाही, तेव्हा टेलर लोक कॉलरला लावतात ते फ्युजिंग मागून इस्त्रीने चिकटव आणि मग काप, कड धरून ठेवते. कडेने काजटाका तरी घालच. खणाचं कापड तर फारच सुटतं, त्याला फ्युजिंगशिवाय हात लावू नको, पण दिसतं काय सुंदर, एखाद्या बाहुलीला खणाचं परकर-पोलकं घातलं की बघत राहावंसं वाटतं. आणि कापड विकत आणायची काय गरज आहे, हळदीकुंकवाचे ब्लाऊजपीस आपल्या सगळ्यांच्या कपाटात पडलेले असतात, टू बाय टूचे सुती असतील तेवढे वेगळे काढ. तुमच्या गल्लीतला ब्लाऊज शिवणारा टेलर चिंध्या आनंदाने देईल, त्याला आधी सांगून ठेव म्हणजे पिशवी भरून ठेवतो. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या त्या अशाच, आणि त्यातल्या मधल्या मऊ पडलेल्या कापडाइतकं लहान मुलांच्या अंगाला दुसरं काही चांगलं नसतं. आत भरायला मात्र कापूस नको, मुंबईच्या पावसात कापसाची बाहुली एकदा भिजली की आतपर्यंत वाळतच नाही, बुरशीचा वास धरते, तिथे फायबर भर, ते धुता येतं.

मोर का वाहून गेला. तू बहुतेक पोस्टर कलर वापरलेस, किंवा फॅब्रिक कलर वापरून दुसऱ्या दिवशीच धुतलंस. पोस्टर कलरमध्ये रंग धरून ठेवायला डिंकासारखी वस्तू असते, ती पाण्यात परत विरघळते, रंग जाणारच. फॅब्रिक कलर ऍक्रिलिकचे, त्यातलं पाणी उडून गेलं की रंगाचा पापुद्रा दोऱ्यांना धरून बसतो आणि मग पाण्याने सुटत नाही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. कोरं कापड आधी धुऊन खळ काढ, खळीवर रंग बसत नाही, वरच्या वर राहतो. सरावाला मांजरपाट घे, स्वस्त असतं आणि रंग छान पितं. खाली पुठ्ठा ठेव, नाहीतर पिशवीच्या मागच्या बाजूला पण मोर उमटतो. रंगात पाणी अगदी थोडं, जास्त झालं की कडेने पसरतं. पूर्ण एक दिवस वाळू दे, पावसाळ्यात दोन, फॅनखाली, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री, आणि त्यानंतरही तीन दिवस धुवायचं नाही. बाटलीवर कंपनीने जे लिहिलंय ते वाच, थोडंफार पुढेमागे असतं. धुताना थंड पाणी, ब्रश नाही. पॉलिस्टरच्या कापडावर रंग एवढा धरत नाही, त्यामुळे मोर काढायचा तर सुतीवरच.

पेंटिंग येत नाही म्हणून मोरावरच अडून राहू नकोस. मुलाला वारली आवडेल, त्रिकोण, गोल, रेघा, एवढ्यात माणूस, बैल, झाड सगळं होतं. पालघर, डहाणूकडे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ते काढतात, लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. घरी गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढऱ्या रंगाने मुलासोबत जरूर काढ आणि हे कोणाचं आहे तेही त्याला सांग. विकायच्या वस्तूवर मात्र वारली नको असं मला वाटतं, ती ज्यांची आहे त्यांच्याकडून घ्यावी.

सामानासाठी एकदा वेळ काढून सीएसएमटीला उतर आणि चालत जा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरी आणि क्राफ्टचं सामान होलसेलमध्ये, तिथून मंगलदास मार्केटला कापड, पुढे भुलेश्वरला लेस, बटणं, टिकल्या. रविवारी मंगलदास बंद असतं म्हणून मधल्या वारी जा, आणि काय हवं ते लिहून ने, नाहीतर पिशवी भरते आणि नेमका काळा दोरा राहतो. एवढ्या लांब नको असेल तर दादर वेस्टला स्टेशनच्या बाहेर बरंचसं मिळतं.

आता ऑर्डर. आधी तुझाच हिशोब तुला दाखवते. ८० तून सामानाचे २५ गेले, राहिले ५५. गुणिले २०, म्हणजे ११००. आणि तास किती, दीड गुणिले २०, तीस तास. तासाला ३७ रुपये पण पडत नाहीत, तेही दोन मुलांचं सगळं करून रात्री काळ्या फेल्टवर काळा दोरा घालत. नणंदेचं डोळ्यांचं म्हणणं म्हणून मला बरोबर वाटतं, ती काळजीने बोलतेय असंच धर. रात्रीचं शिवणं बंद कर, खिडकीजवळ दिवसाउजेडी जेवढं होईल तेवढंच. तिचं पन्नासवालं म्हणणं मात्र मला पटत नाही. बाजारातलं पपेट बाजारातल्या पपेटच्या किमतीत मिळणारच, पण तुझ्या मुलाला कोणी विचारलं हे कुठून आणलं तर तो आईने केलं म्हणतो, ते त्या पन्नासात कुठे येतं.

पैशाच्या वरची एक गोष्ट आहे जी तुझ्या नवऱ्याला कदाचित माहिती नसेल. आपल्याकडे खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांना खेळायला म्हणून जी वस्तू विकायची तिच्यावर बीआयएसचा आयएसआय मार्क लागतो, आणि हा आदेश घरी केलेल्या फेल्टच्या पपेटला सूट देत नाही. सूट आहे ती विकास आयुक्त हस्तकला यांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंदणी असलेल्या खेळण्यांना. स्वतःच्या मुलांना, भाच्यांना करून द्यायला काही अडचण नाही, पण पैसे घेऊन वीस मुलांना द्यायचं म्हटलं की तू विकणारी झालीस. शिवाय बर्थडेला पाहुण्या मुलांची धाकटी भावंडं येतात, पपेट घरी जातं ते कोणाच्या तोंडात जातं तुला कळणार पण नाही. तेव्हा पपेटची ऑर्डर घेऊ नकोस, पुढे हे वाढवायचंच ठरलं तर आधी त्या नोंदणीची नीट चौकशी कर आणि मग बघ.

पण मैत्रिणीला नुसतं नाही म्हणू नकोस, तिला पिशव्या सुचव. छोट्या सुती पिशव्या, टिफिन जाईल एवढ्या, त्यावर भेंडीच्या नाहीतर बटाट्याच्या ठशांची फुलं आणि फॅब्रिक लाइनरने, म्हणजे बारीक तोंडाच्या कापडी रंगाने, प्रत्येक मुलाचं नाव. खेळणं नाही त्यामुळे तो प्रश्नच नाही, आणि स्वतःचं नाव असलेली पिशवी मुलं शाळेत नेतात. समज पिशवी आणि रंग मिळून ४० मध्ये बसलं आणि एकीला वीस मिनिटं लागली, तर सगळं मिळून सात तासांच्या आत होतं आणि त्याच ८० रुपयांत तासाला १२० च्या आसपास पडतात. आधी एक सॅम्पल कर, वाळव, इस्त्री कर, तीन दिवसांनी धुऊन बघ, टिकलं तरच हो म्हण. मुलाला ठसे मारायला बोलवायचं का, तर नाही, ऑर्डरच्या पिशव्यांवर नाही, तिथे तुला सगळं सारखं हवं असणार आणि परत कावळा होईल. त्याला एक कोरी पिशवी दे, त्याची.

मैत्रिणीला हे आजच सांग, बर्थडे जवळ आला की तिला दुसरं काही बघायला वेळ राहणार नाही. निम्मे पैसे आधी घे, मैत्रीण असली तरी, सामान तुझ्या खिशातून नको. पिशव्या तारखेच्या आठ दिवस आधी रंगवून झाल्या पाहिजेत, वाळायला आणि इस्त्रीला वेळ धरून. नावांची यादी व्हॉट्सॅपवर लिहूनच घे, फोनवर ऐकून नको, श्रेया आणि श्रिया, आर्य आणि आर्या यात गोंधळ होतो आणि लाइनरचा रंग खोडता येत नाही. आणि दोन पिशव्या बिननावाच्या जास्तीच्या कर, न सांगता आलेलं एखादं भावंड असतंच.